ताश्कंदचं हिंदी, नागपूरच्या कपाटातून

नागपूरला लोक ताडोबाच्या वाटेवर एक रात्र थांबतात, लग्नाला जातात, नाहीतर हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन जातात. मी गेलो एका निवृत्त पोस्ट कर्मचाऱ्याच्या कपाटातल्या कॅसेट ऐकायला. ‘त्यांच्याकडे रेडिओ ताश्कंदचे हिंदी कार्यक्रम टेप केलेले आहेत, ऐंशीच्या दशकातले’ एवढंच एका ओळखीच्यांनी फोनवर सांगितलं (ताश्कंद म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या उझबेकिस्तानची राजधानी) आणि मी कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. घरच्यांनी विचारलं, “यूट्यूबवर नाही का मिळत?” नाही ना मिळत! मिळालं असतं तर एवढा उपद्व्याप कशाला केला असता?

हरवलेले चित्रपट आणि प्रसारणं शोधायचा नाद मला बरीच वर्षं आहे. आपल्याकडे या विषयाची सुरुवात ‘आलम आरा’पासून होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. १९३१ चा आपला पहिला बोलपट, आणि त्याची एकही प्रत शिल्लक नाही. पण निदान तो हरवलाय हे आपल्याला माहीत आहे. कंबोडियाचं बघा. १९६० ते १९७५ या काळात तिथे सुमारे ४०० चित्रपट झाले. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नॉम पेन्ह घेतली, त्यानंतर नट मारले गेले, दिग्दर्शक मारले गेले, फिती सडल्या. आज त्यातले जेमतेम तीसेक हाती आहेत. बाकीच्यांपैकी काहींचं नुसतं गाणं उरलंय, काहींचं पोस्टर, काहींची फक्त कोणाच्या तरी आजीला आठवणारी गोष्ट.

या नादातल्या मंडळींचा मला एक राग आहे, तो इथेच काढून घेतो. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचे किती भाग सापडत नाहीत, ही संख्या आमच्यातल्या कोणालाही झोपेत विचारा. बीबीसीने तेव्हा फिती पुसून परत वापरल्या. २०१३ मध्ये त्या मालिकेचे नऊ हरवलेले भाग सापडले ते नायजेरियात, जोस नावाच्या शहरातल्या एका टीव्ही केंद्राच्या अडगळीच्या खोलीत. जगभर बातम्या झाल्या. पण त्याच खोलीत नायजेरियाचं स्वतःचं काय होतं, काय नव्हतं, हे विचारताना मी कोणाला पाहिलं नाही.

असो. गाडी सकाळी नागपुरात पोचली. स्टेशनाबाहेर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याची लाल तर्री ओतून वर कच्चा कांदा. पुण्या-मुंबईच्या पोह्यांना त्यानंतर पोहे म्हणायला जीभ धजत नाही. मग मेट्रो पकडली. लोकमान्यनगरकडे जाणारी लाइन बर्डीवरून शंकरनगर, धरमपेठ अशी जाते, गाडी बदलावी लागत नाही. काकाजींचं घर तिकडेच, एका जुन्या कॉलनीत. पुढे मोठा कडुनिंब आणि गच्चीवरच्या टाकीपासून त्या झाडापर्यंत ताणलेली तांब्याची तार. पत्ता विचारावाच लागला नाही.

काकाजी (नाव लिहू नका म्हणाले, “पेन्शनरले कशाले प्रसिद्धी?”) आरएमएसमध्ये होते, म्हणजे रेल्वेच्या डाक डब्यात रात्रभर पत्रं लावायची नोकरी. दिवसा झोप, संध्याकाळी रेडिओ. शॉर्टवेव्हवर ३१ मीटर, २५ मीटर, १९ मीटर असे पट्टे हळूहळू फिरवत दूरची केंद्रं पकडायची, काय ऐकलं ते त्या केंद्राला पत्राने कळवायचं, आणि मग तिकडून चित्राचं कार्ड यायचं: होय, तुम्ही आम्हालाच ऐकलंत. ती क्यूएसएल कार्डं त्यांनी लग्नाच्या अल्बममध्ये लावली आहेत. लग्नाचे फोटो कुठे आहेत ते मी विचारलं नाही. काकू समोरच बसल्या होत्या.

कॅसेट होत्या आतल्या खोलीत, देवघराखालच्या लाकडी कपाटात. तिथेच का, ते त्यांनी आपणहून सांगितलं. “माळ्यावर ठेवल्या असत्या ना जी, तर पापड झाले असते. मे मधी स्लॅब किती तापते! अन् समोरच्या खोलीत कूलर.” मला हे फार महत्त्वाचं वाटलं. नागपूरचा पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांचा उन्हाळा बदनाम आहे, पण तो कोरडा असतो. घरात ओल येते ती कूलरमुळे. वाळ्याच्या जाळ्यांतून पाणी झिरपत राहतं आणि चार महिने खोलीची हवा दमट होते. चुंबकीय फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर ज्या चिकट पदार्थाने बसवलेला असतो, तो ओल शोषतो आणि पुढे चिकचिकीत होतो. अशी फीत वाजवायला गेलं तर थर खरवडून निघतो आणि हेडवर जाऊन बसतो. मोठमोठ्या संग्रहालयांत अशा फिती पन्नासेक अंशांवर काही तास ‘भाजून’ घेतात, म्हणजे निदान एकदा वाजवून नक्कल काढता येते. काकाजींनी हे काही वाचलेलं नव्हतं. कूलरच्या खोलीत ठेवलेली पुस्तकं फुगतात हे त्यांनी पाहिलं होतं, तेवढं पुरलं.

पहिली कॅसेट लावली तर आवाज बसलेला, लांबून विहिरीतून आल्यासारखा. काकाजी म्हणाले, “पॅड पडलं असेल.” चष्म्याच्या स्क्रूचा बारीक पेचकस काढला, कॅसेटचे पाच स्क्रू सोडवले, वरचं झाकण अलगद उचललं. फितीला हेडशी दाबून धरणारा फेल्टचा चिमुकला तुकडा गोंद सुकून खरंच खाली पडला होता. त्यांनी तो चिकटवत वेळ घालवला नाही. भजनाची एक नवी कॅसेट उघडली, तिची फीत बाहेर काढली आणि तिच्या खोक्यात ताश्कंदची फीत बसवली. दोन्ही रिळं, मधला रोलर, पुढचा वळसा. हात अजिबात थरथरला नाही. काकू म्हणाल्या, “माझं भजन गेलं का?” “दुसरं आणून देतो ना.”

आणि मग ताश्कंद बोलू लागलं.

आधी नुसती खरखर आणि बारीक शिट्टी. मग आवाज वर येतो, बुडतो, परत वर येतो. निवेदिकेचं हिंदी शुद्ध, सावकाश, प्रत्येक शब्द ताटात वेगळा वाढल्यासारखा. श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं चालली होती. आणि एक पत्र निघालं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचं. त्याने विचारलं होतं की तुमच्याकडे कापूस कसा वेचतात, आणि पाणी कुठून देता?

निवेदिका सांगते: आमच्याकडे यंत्रं आहेत, सामूहिक शेतं आहेत, कालव्यांनी वाळवंटात कापूस फुलवला, आम्ही त्याला पांढरं सोनं म्हणतो. काकाजी हसले. “पांढरं सोनं! आपल्याकडेही तेच म्हणून राहिले होते ना जी तवा.”

मी मात्र खुर्चीत सावरून बसलो. ज्या कालव्यांचं ती एवढं कौतुक करतेय, त्यांनी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं आणि अरल समुद्र साठच्या दशकापासून आटत गेला. मासेमारीच्या बोटी वाळूत उभ्या राहिल्या. यंत्रं होती हे खरं, पण शाळा-कॉलेजची पोरंही दर वर्षी शरदात वेचणीला पाठवली जात. आणि त्याच दशकात उझबेकिस्तानात न पिकलेला कापूस कागदावर दाखवून मॉस्कोकडून पैसे घेतल्याचं प्रचंड प्रकरण बाहेर आलं. यातलं अक्षरही त्या उत्तरात नाही. सोव्हिएत राज्य आपल्या कापसाची गोष्ट विदर्भाच्या कापूसवाल्याला कशी सांगत होतं, ते त्या काही मिनिटांत जसंच्या तसं आहे.

ताश्कंदमध्ये हा कार्यक्रम घरात बसून कोण ऐकणार होतं? तो बनलाच मुळी बाहेरच्यांसाठी, परक्या भाषेत, परक्या वेळेला. तिथल्या एकाही माणसाने तो टेप करायचं कारण नाही. केंद्रावर फिती महाग, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम त्याच फितीवर. ही पद्धत तर श्रीमंत देशांतही होती. परदेशांसाठीची प्रसारणं ज्या देशाने केली तिथे ती राहण्याची शक्यता सगळ्यात कमी. राहिली असतील तर ती ऐकणाऱ्याकडे. आणि ऐकणारे होते नागपूर, वर्धा, अकोल्यात, पोस्टकार्डावर श्रोता संघाचा शिक्का मारून पत्रं धाडणारे. पूर्व जर्मनीच्या रेडिओ बर्लिन इंटरनॅशनलचंही तेच. त्यांचीही हिंदी सेवा होती. २ ऑक्टोबर १९९० ला ते केंद्र बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी तो देशच नकाशावरून गेला. काकाजींकडे त्यांचे तीन-चार कार्यक्रम आहेत, आणि भिंतीवर टांगायचं एक कॅलेंडरही.

देशातल्या माणसांनी देशातच जपल्याच्या गोष्टी वेगळ्या, आणि त्या ऐकताना अंगावर काटा येतो. १९९६ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरले तेव्हा अफगाण फिल्म्स या सरकारी चित्रपट संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी मूळ फितींच्या खोलीपुढे खोटी भिंत उभी केली. तालिबानने हाताला लागल्या त्या प्रती जाळल्या, आतल्या वाचल्या. सोमालियात १९८८ मध्ये हुकूमशहा सियाद बारेच्या विमानांनी हर्गेसा शहर भाजून काढलं, तेव्हा रेडिओवरची गाणी लोकांनी जमिनीत पुरली, सीमेपलीकडे नेली. आज हर्गेसाच्या सांस्कृतिक केंद्रात हजारो कॅसेट आहेत. गिनीत १९८५ च्या बंडाच्या वेळी कोनाक्रीच्या रेडिओ इमारतीवर तोफा डागल्या गेल्या आणि संगीताचा संग्रह उडाला असंच सगळे धरून चालले. पुढे ग्रॅम कौन्सेल या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने तिथे बसून उरलेल्या फिती उतरवल्या, तेव्हा ९,४१० गाणी निघाली. धूळ झटकायला कोणी गेलंच नव्हतं.

काकाजींना मी गिनीचं सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर आहे. पण वही होती का त्यांच्यापाशी?”

वही म्हणजे त्यांची लॉगबुकं. पोस्टाच्या जाड पुठ्ठ्याच्या वह्या, आडव्या रेघा हाताने मारलेल्या. तारीख, वेळ, मीटर, केंद्र, भाषा, आणि शेवटी पाच आकडे: ३४३३३ वगैरे. सिग्नल किती जोरदार, दुसऱ्या केंद्राचा त्रास किती, खरखर किती, लाटेची चढउतार किती, एकूण कसं. प्रत्येकाला पाचपैकी गुण. सिन्पो म्हणतात त्याला. प्रत्येक कॅसेटवर एक नंबर आणि तोच नंबर वहीत. यवतमाळचं पत्र कोणत्या वर्षी वाचलं गेलं हे कॅसेटवरून कधीच कळलं नसतं. वहीत होतं: १९८६, फेब्रुवारी, संध्याकाळ, २५ मीटर.

याची दुसरी बाजूही त्या कपाटातच होती. एका कॅसेटवर नंबर नाही. वाजवली तर बाईचं गाणं, तंतुवाद्य, मग पुरुषाचा आवाज, भाषा आम्हा दोघांनाही कळेना. तुर्की वळणाची वाटते, मंगोलियाचीही असू शकेल. काकाजींना ती आठवत नाही. गाणं इतकं स्वच्छ पकडलंय की आकडे नक्की ४४४४४ पडले असते, पण ते कोणत्या देशाचं आहे हेच माहीत नाही. माझ्या लेखी ते जवळजवळ हरवलेलंच.

बोलता बोलता नागपूरच्या रेडिओचा विषय निघाला. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये नागपुरातून सुरू झाली. तिचा १५६६ किलोहर्ट्झवरचा १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर म्हणजे काकाजींचा अभिमान. रात्री पाऊस-वीज नसेल तर युरोपातले छंदिष्ट मिडियम वेव्हवर नागपूर पकडायचे आणि त्यांच्या वह्यांत नागपूर लिहिलं जायचं. जानेवारी २०१९ मध्ये ती वाहिनी बंद झाली. तिच्या रात्रींपैकी काही तुकडा आज एखाद्या फिनलंडच्या गृहस्थाच्या कपाटात असेल, आणि त्यांच्या सूनबाई त्यांना कपाट रिकामं करा म्हणत असतील.

संध्याकाळी वेळ होता म्हणून दीक्षाभूमीवर गेलो. स्तूपाच्या आत गारवा, बाहेर शाळेच्या सहली. म्यानमारहून आलेला एक जथा फोटो काढत होता. त्यांच्यातल्या एका इंग्रजी येणाऱ्या तरुणाशी बोललो. त्यांचा पहिला चित्रपट १९२० चा, दारूच्या व्यसनावरचा, आता नाही. सगळ्यात जुना उरलेला १९३४ चा मूकपट ‘म्या गा नाइंग’, तो इटलीत दुरुस्त करून २०१६ मध्ये परत दाखवला गेला. मी हे सांगत होतो आणि तो मान हलवत होता. त्याने विचारलं, इथे चांगली संत्री कुठे मिळतील? योग्य प्रश्न होता. मलाही घ्यायची होती.

निघायच्या आधी परत काकाजींकडे गेलो. ताश्कंदची कॅसेट घरी नेऊन नीट, चांगल्या डेकवर उतरवतो म्हटलं. त्यांच्या टू-इन-वनचा पट्टा सैल आहे, स्वर किंचित खाली लागतो. बिननंबरचीही मागितली, त्या भाषा जाणणाऱ्यांना ऐकवावी म्हणून. बराच वेळ विचार केला त्यांनी. मग नवी वही काढली, रेघा मारल्या, माझं नाव, फोन, तारीख लिहिली. बिननंबरच्या कॅसेटला तिथल्या तिथे नंबर दिला. शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘२ नग, परत येणे’, आणि मला सही करायला लावली. पोस्टातला माणूस. पोच घेतल्याशिवाय काही सोडत नाही.