डोळ्यातली काटकी, पूर्ण स्टॅक आणि पेशंटची ओळख

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे स्कॅन आणि एक्सरे वाचून रिपोर्ट देणारी डॉक्टर. रोजचं रिपोर्टिंग झालं की एका ऑनलाइन इमेजिंग संदर्भकोशासाठी संपादनाचं काम करते, म्हणजे ठिकठिकाणचे डॉक्टर आपापल्या केसेस तिथे टाकतात, सीटी, एमआरआय, एक्सरे, सोबत थोडी हिस्टरी आणि निदान, आणि आम्ही काही जण मिळून ते सगळं पब्लिश व्हायच्या आधी तपासतो. रेडिओपीडिया हा असाच एक ऑनलाइन संदर्भकोश २००५ साली सुरू झाला तेव्हापासून ही पद्धत आता चांगलीच रुळलीये आणि हल्लीचे रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर, परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तकाआधी अशा केसेस चाळतात. म्हणून केस देणाऱ्यांसाठी नियम असतात, आणि ते नियम मी मनापासून मानते. पण परवा एक केस अशी आली की आमचेच दोन नियम एकमेकांसमोर उभे राहिले.

केस एका रेसिडेंटने पाठवली होती. सायकलच्या शर्यतीत पडलेला तरुण, डाव्या डोळ्याच्या खोबणीत लाकडाचा तुकडा, आणि पहिल्या सीटीत तो तुकडा हवा समजून सुटलेला. विषय एक नंबर! पण पाठवलेल्या इमेजेस होत्या फक्त तीन, तिन्हींवर मोठे पिवळे बाण चिकटवलेले, आणि तिन्ही एकाच विंडोमध्ये (विंडो म्हणजे कुठल्या डेन्सिटीपासून कुठल्या डेन्सिटीपर्यंतचं स्क्रीनवर करड्या छटांत दाखवायचं ती सेटिंग). आमचा नियम साधा आहे, निवडक इमेज नको, अख्खा स्टॅक, म्हणजे स्कॅनच्या सगळ्या स्लाइस ओळीने द्या, आणि इमेजवर बाण छापू नका. लोकांना हे जाचक वाटतं, पण जरा विचार करा, रिपोर्टिंग करताना तुमच्यासमोर शंभर-दोनशे स्लाइस असतात आणि बाण कोणीच काढून दिलेला नसतो, शोधायचं तुम्हालाच असतं. बाण आधीच दिला की वाचणारा निदान शिकतो, शोधायला शिकत नाही.

या केसमध्ये तर विंडोशिवाय काहीच कळणार नव्हतं. कोरडं लाकूड सीटीवर काळं दिसतं कारण त्यात हवा भरलेली असते. नेहमीची सॉफ्ट टिश्यू विंडो घ्या, रुंदी ४००, लेव्हल ४०, म्हणजे उणे १६० हाउन्सफिल्डच्या (सीटीवर डेन्सिटी मोजायचं एकक) खालचं सगळं एकसारखं काळं. हवा उणे १०००, ते लाकूड उणे ५०० च्या आसपास, पण स्क्रीनवर दोघांचा काळा रंग सारखाच. जखम झाली की खोबणीत हवा शिरतेच, त्यामुळे डोळा म्हणतो, हां, हवा आहे, आणि पुढे सरकतो. विंडो रुंद करून खाली आणली, फुप्फुसं बघायच्या लंग विंडोसारखी, की हवा काळीच राहते आणि लाकूड करडं होऊन वर येतं, कधी कधी आतले रेषेरेषांचे पदरसुद्धा दिसतात. शिवाय हवेचे बुडबुडे गोल नाहीतर वेडेवाकडे असतात, सरळ कडेचा लांबट आकार दिसला की तिथे थांबायलाच हवं. पुढे काही दिवसांत लाकूड ओलावा शोषून घेतं आणि त्याची डेन्सिटी वाढत जाते, मग तर ते आजूबाजूच्या टिश्यूत मिसळूनच जातं. तीन जेपीईजीमध्ये हे शिकवता येत नाही कारण जेपीईजी झाली की मूळ आकडे गेले, वाचणाऱ्याला विंडो बदलता येत नाही. म्हणून त्याला लिहिलं, तोच स्टॅक दोन्ही विंडोत पाठवा, बाण काढा.

दुपारपर्यंत त्याने सगळं पाठवलं. लंग विंडोतली ती काटकी बघून मी खरंच खुर्चीत पुढे सरकले, इतकी सुरेख दिसत होती. नाव, नंबर, जन्मतारीख हे डायकॉममधले, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलमधले, रकाने त्याने रिकामे केले होते, इमेजच्या कोपऱ्यात छापलेली अक्षरंही क्रॉप केलेली. पोरगा मेहनती आहे हे दिसत होतं. पण शेवटची सिरीज उघडली आणि समोर चेहरा आला. मशीनने आपोआप बनवलेलं त्वचेचं थ्रीडी, नाक, ओठ, हनुवटीवरची खळी, सगळं. ज्याने त्या माणसाला एकदा पाहिलंय तो ओळखेल.

ती सिरीज काढायला सांगणं सोपं होतं. घोडं अडलं हिस्टरीपाशी. त्यात लिहिलं होतं, शर्यतीच्या शेवटच्या वळणावर आघाडीवर असताना लाकडी कुंपणावर आदळला, वय २७, आणि पुढे एका ओळीत, मिरगीच्या गोळ्या चालू. मला काय वाटलं कोण जाणे, ते पहिलं वाक्य जसंच्या तसं सर्चमध्ये टाकलं. वरच बातमी. नाव, फोटो, डोळ्याला पट्टी. बातमीत अपघात होता, मिरगीचा कुठेही उल्लेख नव्हता. म्हणजे त्या माणसाने जगाला जे सांगितलेलं नाही ते आमच्या पानावरून कोणीही दोन मिनिटांत जोडून घेतलं असतं, त्याच्या टीमवाल्यांपासून ते इन्शुरन्सवाल्यापर्यंत.

रेसिडेंटला फोन केला, कारण हे मेसेजवर बोलण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, नाव कुठेच नाहीये हो. आणि लेखी संमती आहे माझ्याकडे."

"संमतीत काय लिहिलंय ते वाचून दाखवता का जरा?"

त्याने वाचलं. शिक्षणासाठी इमेजेस वापरायला परवानगी, ओळख उघड होणार नाही या अटीवर. वाचता वाचताच त्याचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "पण बातमी तर आधीच सगळीकडे आहे ना मॅडम?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, बातमीत आहे ते त्याने सांगितलेलं किंवा लोकांनी पाहिलेलं, आपल्याकडे आहे ते त्याने फक्त डॉक्टरला सांगितलेलं, दोन्हींमधला दुवा आपण पुरवायचा नाही.

चेहऱ्याबद्दलही त्याला सांगितलं, कारण पुष्कळांना वाटतं थ्रीडी काढून टाकलं की झालं. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी डोक्याच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि बाजारात मिळणाऱ्या फेस रेकग्निशन सॉफ्टवेअरने ते फोटोंशी जुळवून पाहिले, ८४ पैकी ७० जण बरोबर जुळले. अमेरिकेच्या हिपा या पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेच्या नियमांत ओळख पटवणाऱ्या ज्या १८ गोष्टी काढायला सांगितल्यात त्यात पूर्ण चेहऱ्याचा फोटो आणि तशीच दुसरी कुठलीही इमेज हेही येतं, वर्ष सोडून तारखा येतात, आणि ८९ च्या वरचं नेमकं वय पण. डोक्याचा पातळ स्लाइसचा पूर्ण स्टॅक म्हणजे वेगळ्या रूपातला चेहराच आहे. आणि एक आमचा नियम म्हणतो की स्टॅक पूर्ण द्या, दुसरा म्हणतो ओळख लपवा. डोकं आणि चेहऱ्याच्या केसेसमध्ये हे दोन्ही एकदम शंभर टक्के पाळता येत नाहीत, हे स्पष्ट बोललंच पाहिजे.

मग आम्ही दोघांनी बसून वाट काढली. स्टॅक ठेवला, पण खोबणीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंतच, नाकाचं टोक आणि हनुवटी आत येणार नाही असा. स्लाइस जाड करून घेतल्या, काटकी त्यातही व्यवस्थित दिसत होती, आणि पुढून त्वचेची कड क्रॉप केली. त्याला थोडं वाईट वाटलं कारण सॅजिटल रिफॉर्मॅट, म्हणजे त्याच स्कॅनमधून बनवलेले बाजूने दिसणारे उभे काप, फार छान आले होते, मलाही वाटलं, पण ते सोडले. हिस्टरी झाली "पडल्यामुळे डाव्या ऑर्बिटला भेदक इजा" (ऑर्बिट म्हणजे डोळ्याची खोबण), वय "पंचविशी-तिशीचा पुरुष", मिरगीची ओळ पूर्ण बाहेर कारण काटकी ओळखायला तिचा काडीचा उपयोग नाही. सायकल गेली, शर्यत गेली, कुंपण गेलं. लाकडी वस्तू एवढं राहिलं, ते तर ठेवायलाच हवं. निदानाची खात्री "निश्चित" ठेवली कारण ऑपरेशनमध्ये तुकडा बाहेर काढला होता.

आणखी एक गोष्ट केली जी बरेच जण विसरतात. जुना ड्राफ्ट नुसता एडिट न करता पूर्ण डिलीट करून नवीन केस बनवायला लावली, कारण एडिट हिस्टरीत आधीचा मजकूर आणि इमेजेस तशाच पडून राहतात. आणि क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या वापराच्या लायसन्सखाली एकदा काही दिलं की ते लायसन्स परत घेता येत नाही, कोणी डाउनलोड करून ठेवलं असेल तर ठेवलं. जे काही करायचं ते पब्लिश बटणाच्या अलीकडेच.

संध्याकाळी संपादकांच्या ग्रुपमध्ये मी दोन ओळी नियमात घालायचं सुचवलंय. एक, केस पाठवण्याआधी आपली हिस्टरी स्वतः सर्च करून बघा. दोन, डोकं-चेहऱ्याच्या केसमध्ये स्टॅक आजाराच्या भागापुरताच द्या. पहिलीवर सगळे लगेच हो म्हणाले. दुसरीवर अजून वाद चालू आहे, एका न्यूरोवाल्या सहकाऱ्याचं म्हणणं की ब्रेनच्या केसेसचा निम्मा अर्थच जाईल, त्यापेक्षा चेहरा पुसणारं सॉफ्टवेअर सक्तीचं करा, आणि त्यात दम आहे, पण तसं सॉफ्टवेअर नेमकी खोबणीपुढचीच जागा पुसतं, म्हणजे ही काटकीची केस त्यातून गेली असती तर जे दाखवायचं तेच धोक्यात. ऑर्बिट आणि सायनससाठी वेगळा नियम, ब्रेनसाठी वेगळा, असा मसुदा आता मी लिहायला घेतलाय, आणि त्या रेसिडेंटला पण त्यात घेतलंय.