बंदूक जमा झाली, दारू राहिली

२०२२ चा मे. परेड संपवून चहाचा पहिला घोट घेतला आणि कंट्रोल रूमचा फोन आला. ११२ वर कॉल होता : एका घरात काळी पावडर सापडली आहे, एका मजुराचं तोंड भाजलं आहे, तुमचं पथक पाठवा.

मी बॉम्ब शोधक व नाशक पथकात हवालदार आहे. नाव ऐकून लोकांना भलतंच काही वाटतं. प्रत्यक्षात आमचं आयुष्य बेवारस बॅगा उघडण्यात जातं, आणि त्या बॅगांत बहुतेक वेळा जेवणाचा डबा आणि टॉवेल निघतो. त्यामुळे ‘काळी पावडर’ म्हटल्यावर गाडीत पैजा लागल्या. एकजण म्हणाला रांगोळीतला रंग, दुसरा म्हणाला शेतातलं औषध. तोंड भाजलंय म्हटल्यावर मला मात्र शंका आली होती. आमच्या सिंधुदुर्गात ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत. शेतसंरक्षणाचा परवाना असतो. माकडं, रानडुकरं, गवे शेतात शिरतात, तेव्हा शेतकरी नुसता बार काढून त्यांना हाकलतो. आणि ठासणीची बंदूक म्हटली की दारू आलीच.

गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, कौलारू. मुंबईचा मुलगा पावसाआधी छप्पर बदलायला आला होता. लाकडी वासे काढून लोखंडी कैच्या आणि वर पत्रे. खळ्यात, म्हणजे अंगणात, लोखंडी पाइप पडलेले, वेल्डिंगचं मशीन मांडलेलं, त्याची वायर पडवीतल्या मीटरपर्यंत ओढलेली. कैच्या वर चढवून जागेवरच वेल्डिंग होणार होतं, म्हणजे ठिणग्या थेट स्वयंपाकघरात. फक्त चहा व्हायचा राहिला होता.

चहा होईपर्यंत मजूर आतलं सामान बाहेर काढत होते. चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या मांडणीवर एकाला पत्र्याचा डबा दिसला. उघडला तर आत काळे चकचकीत दाणे. त्यानं आधी मोहरी म्हणून वास घेतला, मग चहापत्ती असेल म्हणून चिमूटभर बोटांत धरली आणि काय आहे बघू या म्हणून खालच्या चुलीत टाकली. भुसकन जाळ वर आला. पोराच्या भुवया आणि पुढचे केस गेले, हाताला फोड आले. डबा होता तिथेच ठेवून सगळे बाहेर पळाले.

त्या पोराला सगळे शिव्या घालत होते. मला वाटलं, ह्याच्या येडेपणामुळे हे घर उभं आहे. त्यानं ती चिमूट टाकली नसती तर तासाभरानं वेल्डरनं तेच काम मोठ्या प्रमाणावर केलं असतं.

सगळ्यांना शेजारच्या बागेपलीकडे पाठवलं. मीटर पडवीत होता, आतल्या दारूपासून लांब, म्हणून मेन स्विच तिथूनच बंद केला. मी परेडहून थेट आलेलो. बुटांच्या टाचांना लोखंडी नाल होते, ते उंबऱ्याबाहेर काढून अनवाणी आत गेलो. (नंतर म्हातारीनं याचंच कौतुक केलं. पोलीस असून पायतण बाहेर काढलं!)

चूल अजून धगधगत होती. दोन जाडी लाकडं, त्यांचे निखारे, आणि बरोब्बर वर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, झाकण अर्धवट उघडं असलेला तो डबा. अशा वेळी पहिला मोह होतो बादलीभर पाणी ओतायचा. चुलीत पाणी ओतलं की वाफेबरोबर राख आणि निखाऱ्याचे कण वर उडतात, आणि वर काय आहे ते दिसतच होतं. म्हणून एक गोणपाट पाण्यात बुचकळून आणलं, चुलीच्या तोंडावर आणि वर नीट पसरलं, त्यावर दुसरं घातलं. धग बसेपर्यंत बाहेर थांबलो. त्या दहा मिनिटांत साहेबांनी दोनदा विचारलं, झालं का? दोन्ही वेळा नाही म्हणालो.

काळ्या दारूचं एक समजून घ्यायला हवं. सोरा, कोळसा आणि गंधक, एवढीच तिची घडण, पण ती जुनी झाली म्हणून मरत नाही. कोरडी राहिली तर आजोबांनी भरलेली दारू नातवाच्या हातात तशीच पेटते. आणि उघड्यावर पेटली तर भुसकन जळते, कोंडली गेली की धडाम करते. प्रशिक्षणात आम्हाला हेच आधी दाखवलं होतं : फरशीवर चमचाभर ओतून पेटवली तर नुसता पांढरा धूर, तेवढीच नळीत कोंडून पेटवली तेव्हा कान बधिर. म्हणून घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यातली दारू मला उघड्या दारूपेक्षा जास्त भीती घालते. पत्र्याचे तुकडे होऊन उडतात ते वेगळंच.

डबा खाली घेतला. झाकण गंजलेलं, कडेच्या खाचेत दाणे अडकलेले. ते फिरवायचं नाही, दाबायचं नाही, कारण गंजावर गंज घासला जातो आणि मध्ये दारू असते. तसाच अर्धवट उघडा, सरळ धरून, खळ्याच्या टोकाला माडाखाली नेला. लोखंडी चमचा वापरायचा नव्हता आणि आमच्या पेटीतलं तांब्याचं खोरं ऐन वेळी दुसऱ्या गाडीत राहिलेलं. तेव्हा म्हातारीच्या स्वयंपाकघरातली डवली घेतली. नारळाची करवंटी आणि बांबूची दांडी. सरकारी साहित्यापेक्षा ती सरस निघाली. पहिली डवली भरून काढली आणि दाण्यांत काहीतरी काचेचं दिसलं.

बामची छोटी बाटली. आत केपा. बंदुकीच्या घोड्याखाली बसवतात त्या तांब्याच्या टोप्या, तीसेक तरी असतील. दारूला निदान ठिणगी लागते, केपेला नुसता ठोका पुरतो. आणि त्या केपा दारूच्या पोटात ठेवलेल्या, दोन्ही एकत्र सापडावं म्हणून. बिडी-काडी एका खिशात ठेवावी तसं. माझे हात तोवर ठीक होते. बाटली बाहेर काढताना मात्र घाम डोळ्यांत गेला.

तोवर म्हातारी बागेतून परत येऊन खळ्याच्या कडेला उभी होती. अंगावर नऊवारी, वय पंच्याहत्तरच्या पुढे. पोलिसांनी हाकललं तरी ती जाईना. शेवटी मीच तिला पायरीवर बसवलं.

"काकी, ही दारू कोणाची?"

"ह्यांची," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाची असतली? बंदूक न्हेल्यानी, पावती दिल्यानी. दारयेचा कोणी इचारल्यानच नाय."

नवरा २००९ मध्ये वारला. मुलगा मुंबईहून आला, कार्य आटोपलं, आणि सरळमार्गी माणसासारखा बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात गेला. पावती त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, मला आणून दाखवली. एकनळी ठासणीची बंदूक, नंबर अमुक, दस्ता लाकडी, पट्टा नाही, नळी रिकामी. ‘नळी रिकामी’ हे दोन शब्द वाचून बरं वाटलं, कारण ते लिहिणाऱ्यानं काम नीट केलं होतं. ठासणीची बंदूक एकदा भरली की बार काढल्याशिवाय सहसा रिकामी होत नाही, म्हणून कित्येकजण ती भरलेलीच खुंटीला टांगतात आणि निवडणुकीत तशीच जमा करायला आणतात. जाणता हवालदार नळीत गज सोडून बघतो. गज तळापर्यंत गेला नाही, चार बोटं वर राहिला, तर आत बार आहे. त्या पावती लिहिणाऱ्यानं गज सोडून पाहिला होता. बंदुकीचा पट्टा नाही हेसुद्धा त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. दारू किती शिल्लक आहे, केपा कुठे आहेत, हे मात्र विचारायचं राहिलं, आणि खरं सांगायचं तर मी त्या टेबलावर असतो तर मीही विचारलं नसतं. मी स्वतः तीन निवडणुकांत बंदुका जमा करून घेतल्या आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात परवानाधारक मेल्यावर जमा करायच्या वस्तूंत हत्याराबरोबर दारूगोळाही येतो. कायद्यात येतो, पावतीत येत नाही.

"पण काकी, चुलीवर?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी. "मगे खंय ठेवतलंय? पावसात ओल धरता. ह्यांनी सांगितल्यानी होता, दारू भिजली की गेली. म्हणान चुलीर. आणि दसऱ्याक सुपात घालून उन्हात ठेवतंय, आमसुलांबरोबर."

तेरा वर्षं. बंदूक नाही, नवरा नाही, आणि ही बाई दर वर्षी दारूला ऊन दाखवते आहे. मी तिला रागवायच्या तयारीत होतो, ते तोंडातच राहिलं. तिचं एका परीनं बरोबरच होतं. कोकणात चार महिने भिंतींना पाणी सुटतं, मीठ विरघळतं, काडेपेटी पेटत नाही. दारूचा शत्रू म्हणजे ओल, हे इथं पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. घरातली सगळ्यात कोरडी जागा चुलीच्या वर. विस्तवही शत्रूच आहे, पण तो रोजचा, घरातला, ओळखीचा. त्याची भीती कोणाला वाटत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल लिहिलेलं मला एका साहेबांनी वाचायला दिलं होतं. दारूखाना घरांच्या परिघाबाहेर असावा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुसू, म्हणजे कुंपण, असावं, आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावं, पुन्हा मोहर करून ठेवावी, रात्रंदिवस पहारा असावा. म्हातारी त्यातलं उन्हाचं कलम इमानेइतबारे पाळत होती. बाकीची कलमं पाळायला गड नव्हता, आणि हवालदार तेरा वर्षांनी आला होता.

मग श्वान आत सोडला. आमची तेजा, लॅब्रॅडॉर, उन्हानं धापा टाकत होती. चुलीपाशी बसणार हे ठाऊकच होतं, तशी ती बसली. मग माजघरात गेली आणि खुंटीवर टांगलेल्या एका जुन्या खाकी कोटासमोर बसली. उठेना. कोटाच्या खिशाचं अस्तर फाटलेलं, आणि अस्तर आणि कापडाच्या मधल्या जागेत मूठभर दाणे साठलेले. शिकारीला जाताना खिशात मोकळी दारू टाकायची सवय असावी. शेजारच्या खुंटीला समई पुसायची फडकी होती, आणि त्याखाली देवघर.

माजघरातच, दुसऱ्या एका खुंटीला, दारूचं शिंग सापडलं. रेड्याच्या शिंगाचं, हाताला गुळगुळीत लागणारं, तोंडाला लाकडी बूच. बुचावर दातांच्या खुणा होत्या. एका हातात बंदूक असली की माणूस बूच दातांनी उपटतो. वर्षानुवर्षं एकाच जागी चावून तिथे खाचा पडल्या होत्या.

डबा, कोट आणि शिंग मिळून दारू सव्वादोन किलोला थोडी कमी भरली. परवान्याची जुनी झेरॉक्स मुलानं शोधून काढली, त्यावर लिहिलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर. दर मोसमात थोडी आणायची, थोडी उरायची. पंचनामा झाला, नमुना सीलबंद झाला, आणि रीतसर परवानगी आल्यावर बाकीची पाण्यात घालून निकामी केली. पाण्यात सोरा विरघळून जातो, उरतो तो कोळसा आणि गंधकाचा गाळ. नुसती भिजवून टाकून दिली तर मात्र वाळल्यावर पुन्हा तिच्या गुणावर येऊ शकते, म्हणून पाणी भरपूर लागतं आणि हे काम घरी करायचं नसतं. स्वयंपाकघरातल्या मातीच्या जमिनीवर जे सांडलं होतं ते झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं टिपलं. वेल्डरला चार दिवस सुट्टी मिळाली, त्याबद्दल तो आमच्यावर नाराज होता.

बागेपलीकडे गावकरी जमलेच होते. त्यातल्या दोघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, आमच्याकडे चालू परवाना आहे, आम्ही कशी ठेवायची? मी भाषण दिलं नाही. परवान्यावर आहे तेवढीच ठेवा, आली त्याच पुड्यात ठेवा. लाकडी पेटीत, कुलपात. लोखंडी ट्रंकेत कोंडू नका. चूल, देवघर, मीटर, इन्व्हर्टर, यांच्या खोलीत नको. केपा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. ओल धरली तर सुपात घालू नका, ठाण्यात कळवा. एकानं मान हलवली. दुसरा म्हणाला, "लाकडाच्या पेटीक वाळवी लागता." त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांना विचारून मी त्या ठाण्याच्या जमा रजिस्टरातून मयत परवानाधारकांची नावं काढली. नऊ निघाली. नऊही बंदुकांचे नंबर बरोबर, पट्ट्यांसकट. आम्ही दोघं मोटारसायकलवरून घरोघर गेलो. चार घरांत काही नव्हतं, दोन घरं कुलपात होती. उरलेल्या तिघांनी विचारताक्षणी दारू काढून दिली, एकानं तर चहाबरोबर. तिन्ही घरांत ती चुलीच्या आसपासच होती.

म्हातारीचं शिंग मी पहिल्याच दिवशी आत-बाहेर तीनदा पाण्यानं धुऊन वाळवलं होतं. ती पायरीवरून उठलीच नव्हती. "दारू न्हेस, कोट न्हेस," ती म्हणाली. "शिंग तेवढा ठेव. ता ह्यांच्या हातचा हा." साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं, रिकामं शिंग, धुतलेलं, वारसाच्या ताब्यात परत. तिनं ते पदरानं पुसलं, बूच बसवलं आणि आत जाऊन चुलीवरच्या मांडणीवर डब्याच्या जागी ठेवलं. मी ते काढायला हात वर केला. मग तसाच खाली घेतला आणि बूट घालायला बाहेर आलो.