अडकलेलं नाणं

नाणं टाकून वजन सांगणारं जुनं यंत्र घरात आलं तेव्हा त्याचा काटा 47 किलोंवर रुतून बसला होता. वर कुणीच उभं नव्हतं. घरच्यांनी त्याला 'पाहुणा' म्हणायला सुरुवात केली. जागा अडवतो, काम करत नाही, आणि जायचं नाव काढत नाही.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली. नाण्याच्या खाचेत तेल ओतलं. गंजलेल्या स्क्रूंना तेल पाजून रात्रभर मुरू द्यावं हे खरं, पण नाण्याच्या वाटेवर तेलाचा थेंबही नको. धूळ येऊन बसते, चिकट लगदा होतो आणि नाणं मध्येच थांबतं. मग दोन संध्याकाळी स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन ती वाट धुतली. शेवटी तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली. ते शिसं म्हणजे ग्राफाइट. वाट गुळगुळीत होते, तरी कोरडीच राहते.

खरी मजा वाट उघडल्यावर आली. खाचेची लांबी नाण्याच्या व्यासाएवढी आणि रुंदी त्याच्या जाडीएवढीच, म्हणजे मोठं काही शिरायलाच नको. पुढे एक छोटं चुंबक. त्याला नाण्याऐवजी कुणीतरी टाकलेले दोन लोखंडी वॉशर चिकटलेले, गंजून एकजीव झालेले. त्याच्या पुढे पितळेचा एक वॉशर, किंचित वाकडा. पितळ चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे हे महाशय पार वळणापर्यंत पोचले आणि तिथे आडवे झाले. आणि त्यांच्या मागे, अगदी रांगेत उभं राहिल्यासारखं, एक खरंखुरं नाणं. फुकट्याच्या मागे सज्जन अडकला होता. त्याने यंत्राला दोन गुद्दे नक्कीच घातले असणार. पत्र्यावर पोचे आहेत.

नाणं वळणावरून सुटलं की तरफेच्या टोकावर पडतं. त्याच्या वजनाने तरफ झुकते, खटका सुटतो आणि काटा मोकळा होतो. बस, इतकंच. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या संशोधकाने देवळातल्या पवित्र पाण्यासाठी असंच यंत्र लिहून ठेवलं होतं: नाणं तबकडीवर पडायचं, तरफ कलायची, झडप उघडायची आणि नाणं घसरून जाईपर्यंतच पाणी यायचं. 1883 साली पर्सिव्हल एव्हरिटने लंडनमध्ये पोस्टकार्डं विकणारी यंत्रं उभी केली, म्हणजे मधली अठराशे वर्षं या कल्पनेला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. फुकटे मात्र तेव्हाही असतील, याबद्दल मला शंका नाही.

रंगाचं फार मनावर घेतलं नाही. वरचा हिरवा थर एका जागी खरवडला, खाली लाल निघाला, त्याखाली आणखी एक हिरवा. कुठला खरा, हे यंत्रालाच विचारावं लागलं असतं. तसाच ठेवला.

उरली स्प्रिंग. स्प्रिंग थकली की जास्त ताणते आणि काटा माणसाला उगाच जाड ठरवतो. म्हणून मोजून वीस लिटर, म्हणजे वीस किलो, पाणी बादलीत भरलं, रिकाम्या बादलीचं वजन आधी लिहून ठेवलं होतं. काटा शून्यावर आणायचा स्क्रू पाव आटा फिरवला. नाणं टाकलं. टक. काटा थरथरला, पुढे गेला, मागे आला आणि जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. बादली उतरवली, काटा शून्यावर, खटका पुन्हा जागेवर. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

मग स्वतः चढलो. नाणं तेच, सज्जनाचं. दुसरं आहेच कुठे, ते चलनातून केव्हाच गेलं. टक. आकडा आला. स्प्रिंगला दोष द्यावा तर ती सोय मघाशीच माझ्या हाताने बंद केली होती. मी खाली उतरलो, गल्ल्याचं दार उघडलं, नाणं काढलं, पायातल्या चपला बाजूला ठेवल्या आणि पुन्हा चढलो.