यादीत न येणारी औषधं

लम्कामध्ये सकाळी सातची बैठक म्हणजे सातलाच. मणिपूरच्या चुराचांदपूर गावाला तिथले कुकी-झो लोक लम्का म्हणतात. चर्चच्या हॉलमध्ये बाकांवर विस्थापितांच्या प्रत्येक छावणीचा एकेक माणूस बसलेला, मांडीवर पुठ्ठ्याची वही. यंग वायफेई असोसिएशनची पोरं, चर्चच्या महिला मंडळातल्या बायका, विद्यार्थी संघटनेचे दोघे-तिघे. ऑगस्ट २०२३ संपत आला होता. ३ मेला मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार पेटला, तेव्हापासून मोबाइल इंटरनेट बंद होतं. व्हॉट्सॲप ग्रुप नाही, एक्सेल शीट नाही. एकेक जण उभा राहून वाचायचा : माणसं किती, काल नवीन किती आली, तांदूळ किती दिवस पुरेल, जळण, तान्ही मुलं, गरोदर बायका, आजारी. फळ्यावर एक मुलगी लिहीत जायची.

२०१९च्या पुरात आमच्या सांगलीत मी मदतीचं वाटप पाहिलं होतं. एकाच गल्लीत चार ट्रक ब्लँकेटं आणि पलीकडच्या गल्लीत प्यायला पाणी नाही. इथे तसं होत नव्हतं, कारण वाटणारेही छावणीतच झोपत होते. कोणत्या हॉलमध्ये किती चटया आहेत हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. बाहेरून मदत घेऊन येणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या बाकावर गप्प बसून ऐकलं तरी पुष्कळ काम होतं, असं माझं मत झालं.

पण माझं काम नेमकं त्या फळ्यावर न लिहिता येणारं होतं. मी बरीच वर्षं एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, समुपदेशक आहे. २०२१च्या अंदाजानुसार देशात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण ०.२१ टक्के, तर मणिपूरमध्ये १.०५. म्यानमारची सीमा जवळ, तिथून येणारं 'नंबर फोर' हेरॉइन आणि एकमेकांच्या सुया, हे त्याचं जुनं कारण. आता हिंसाचारात साठेक हजार माणसं घर सोडून पळाली, तेव्हा त्यांत रोजची गोळी घेणारेही होते. गोळ्यांची बाटली घरात राहिली, उपचारांची नोंद असलेलं केंद्राचं हिरवं पुस्तक जळालं आणि माणूस शाळेच्या वर्गात चाळीस जणांबरोबर झोपायला आला. तिथे वहीत काय लिहिणार? वही तर सगळ्यांसमोर वाचली जाते.

पॉझिटिव्ह लोकांच्या स्थानिक नेटवर्कमधल्या एका बाईंनी यावर तोड काढली होती. त्यांना सगळे 'ऊ' म्हणत, म्हणजे मोठी ताई. मीही तेच म्हणू लागले. त्या बैठकीत फक्त एवढंच सांगत : "आज अमुक शाळेत बीपी आणि ताप तपासणार." मग छावणीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला चादरीच्या आडोशाला बोलवायचं, बीपी घ्यायचं, दोन प्रश्न विचारायचे आणि सगळ्यांना सारखं दिसणारं खाकी पाकीट द्यायचं. बहुतेकांच्या पाकिटात ओआरएस आणि पॅरासिटामॉल. काहींच्या पाकिटात शिवाय टीएलडीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या त्या रोजच्या गोळीची, एक बाटली, महिन्याच्या तीस गोळ्यांची. बाटली खुळखुळू नये म्हणून आत कापूस दाबलेला. ही कापसाची युक्ती मिरजेतल्या बायकाही करतात. मला ती कुणी शिकवावी लागली नाही.

त्या सकाळी बैठकीत एक वाद झाला. कुठल्याशा संस्थेकडून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची खोकी आली होती आणि त्या गोळ्या आमच्याच पाकिटांत घालून सगळ्या बायकांना द्याव्यात, असं एका तरुण स्वयंसेवकाचं म्हणणं. हेतू चांगलाच होता. अडचण अशी की टीएलडीमधल्या डोल्युटेग्राविर या औषधाला लोह आणि कॅल्शियम अडवतात. उपाशीपोटी दोन्ही एकदम घेतलं तर औषध अंगी लागत नाही. जेवणाबरोबर घेतलं तर चालतं, नाहीतर टीएलडी दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. पण हे भर सभेत कसं सांगायचं? ऊ उठल्या आणि म्हणाल्या, "लोहाच्या गोळीनं रिकाम्या पोटी मळमळतं. छावणीत उलट्या नकोत. जेवणाच्या रांगेतच ताटाबरोबर द्या." कारण खरंही होतं आणि पुरेसंही. पास्टरनी मान डोलावली, विषय संपला. त्याच पास्टरनी नंतर मला गाठून विचारलं की मी त्या समितीची माणूस आहे का. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये नेमलेल्या तीन माजी न्यायाधीश महिलांच्या समितीत शालिनी फणसळकर-जोशी होत्या, तपासावर देखरेखीला महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्ता पडसलगीकर होते. महाराष्ट्रातून आलेली बाई म्हणजे त्यांच्यापैकीच, असा त्यांचा हिशोब. मी समुपदेशक आहे म्हटल्यावर ते जरा हिरमुसले.

दुपारची शाळा गावाबाहेर होती. तिथे एक मुलगी आली, आठवा महिना. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) तिच्या मागोमाग सासूही चादरीच्या आत शिरली आणि स्टुलावर बसली. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "व्हिटॅमिनच्या गोळ्या संपल्या. चार दिवस झाले." असं म्हणणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. मी ऊंकडे पाहिलं. त्यांनी सासूला हाताला धरून पलीकडच्या टेबलाशी नेलं आणि त्यांचं बीपी घ्यायला सुरुवात केली. एकदा घेतलं. पट्टा सैल आहे म्हणून परत घेतलं. मग डाव्या हाताचं. मग गुडघ्यांची चौकशी सुरू झाली, आणि गुडघ्यांवर म्हातारी चांगली खुलली.

तेवढ्यात मला दहा मिनिटं मिळाली. कोणत्या केंद्रात नाव होतं, औषध कधीपासून, शेवटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, काय होता. पुस्तक नव्हतं, पण तिला स्वतःचा नोंदणी क्रमांक तोंडपाठ होता. बाळंतपण तोंडावर असताना औषधात खंड पडला की विषाणू परत वाढायला लागतो आणि बाळाला धोका होतो. बाळ जन्मलं की त्याला लागण होऊ नये म्हणून नेव्हिरापिनचं सिरप लगेच सुरू करून निदान सहा आठवडे द्यावं लागतं, आणि छावणीत नवजात बाळाला रोज कसलं औषध पाजता हे सगळे विचारणार. हे तिनंच मला विचारलं, मी बोलायच्या आधी. आम्ही 'कावीळ होऊ नये म्हणून' असं ठरवलं. वैद्यकीयदृष्ट्या ते खोटं आहे हे मला कळतं. माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. नवऱ्याचं विचारलं, तर तो गावाच्या राखणीला डोंगरावर गेलेला. त्याच्याही गोळ्या संपल्या असणार. तिनं त्याच्यासाठी दुसरं पाकीट मागून घेतलं.

ती दोन पाकिटं देऊन आमच्याकडे सात बाटल्या उरल्या. बाकीचा माल इम्फाळहून यायचा होता. इम्फाळ तिथून साठेक किलोमीटर, टिड्डिम रोडनं सरळ. पण मैतेई माणूस इकडे येऊ शकत नाही आणि कुकी तिकडे जाऊ शकत नाही. मध्ये केंद्रीय दलांची नाकी आणि त्यांच्या अल्याड-पल्याड दोन्ही समाजांच्या बायका गाड्या तपासायला बसलेल्या. तिकडून खोकी भरणारा माणूस मैतेई, ऊंबरोबर त्यानं कित्येक वर्षं एकत्र काम केलेलं. त्याचं घर लम्काच्या बाजूला तोरबुंगकडे होतं, ऊंचं इम्फाळमध्ये. दोन्ही आता नाहीत. फोनवर दोघं घराचं अक्षर काढत नव्हते. "शंभर टीएलडी, वीस डोल्युटेग्राविर सुटी, टीबीवाल्यांसाठी," तो म्हणाला. टीबीवरचं रिफॅम्पिसिन घेणाऱ्यांना बारा तासांनी डोल्युटेग्राविरचा जादा डोस लागतो, ते त्यानं न सांगता धरलं होतं. ऊंनी आकडे परत म्हणून दाखवले आणि फोन ठेवला. खोकी आणणारा ड्रायव्हर क्वाक्त्याचा पांगाल, म्हणजे मणिपुरी मुसलमान. दोन्हीकडे जाऊ शकणारे त्या वेळी तेच. वर सलाइनच्या बाटल्या, खाली आमचा माल. संध्याकाळी सहाला तो पोचला, भाडं मोजून घेतलं, चहाही न घेता अंधाराच्या आत परत निघाला.

त्याच संध्याकाळी एका देणगीदार संस्थेचा फोन आला. लाभार्थ्यांची नाव, आजार आणि सहीसकट यादी हवी, तरच पुढचा हप्ता. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय कुणाची ही माहिती उघड करता येत नाही, हे मी सांगितलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले की ऑडिटला काहीतरी लागेलच. ऊंनी माझ्या हातातून फोन घेतला. "पाकीट मिळालं म्हणून सगळ्या छावणीच्या सह्या देते, पाचशे, हजार, हव्या तेवढ्या. पाकिटात काय होतं ते मिळणार नाही." त्यांना ते चाललं. मला वाटतं, सुटकाच झाली त्यांचीही.

सुटला नाही तो प्रश्न वेगळाच होता. शाळेतल्या एका मुलाला घाम फुटलेला, पोटात मुरडा, नाक वाहतंय. त्याचं ओएसटी, म्हणजे हेरॉइनऐवजी डॉक्टरी औषध देण्याचा उपचार, चालू होतं. त्यातली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सहसा केंद्रावर रोज समोर बसवून जिभेखाली द्यायची असते, महिन्याची बाटली हातात ठेवता येत नाही. केंद्र गावात, तो गावाबाहेर, आणि सुमोचं रोजचं भाडं त्याच्याकडे नाही. नंबर फोर मात्र छावणीच्या मागेच मिळतं, तेही उधारीवर. ऊंनी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या आणखी तिघांसाठी डिझेलच्या पैशांतून भाडं मागितलं. नशा करणाऱ्या पोरांवर डिझेल घालायचं का, यावर अर्धा तास गेला. शेवटी चर्चच्या महिला मंडळातल्या एकीनं, जिच्या स्वतःच्या मुलाबद्दल सगळ्यांना माहीत होतं, एका आठवड्याचे पैसे मंजूर करून घेतले. पुढच्या आठवड्याचं पुन्हा मांडायचं ठरलं.