बहिरा दगड

मी पुण्यात जर्मन शिकवते, अधूनमधून दुभाषीची कामं घेते. मागे भोसरीतल्या एका पंपाच्या कारखान्यातली चार माणसं ट्रेनिंगला जर्मनीला निघाली, त्यांच्यासोबत मी. रविवारी तिकडची मंडळी आम्हाला गोस्लारजवळच्या राम्मेल्सबेर्गला घेऊन गेली, जुनी खाण बघायला. मला वाटलं चला, आज सुट्टी. कसली सुट्टी!

खाण म्हणजे केवढी जुनी, ९६८ पासूनचा लेखी उल्लेख, शिसं जस्त तांबं चांदी काढत काढत थेट १९८८ ला बंद, आणि १९९२ ला जागतिक वारसा यादीत. कामगारांच्या कपडे बदलायच्या खोलीत कपाटंच नाहीत, कपडे हुकाला अडकवून साखळीने छताला ओढून ठेवायचे. चौघांनी तिथेच दहा मिनिटं घालवली, आपल्याकडे हे का नाही म्हणून. मग खाणीच्या गाडीत बसून आत वगैरे, ते झालं.

खरी गंमत मिलमध्ये, म्हणजे काढलेलं खनिज दळायच्या कारखान्यात. १९३० च्या दशकात डोंगराच्या उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलीय, माल वरून शिरणार आणि फुटत, दळत खाली येणार. दळलेल्या चिखलात केमिकल घालून हवा सोडायची, की धातू असलेले कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर, बाकीचं तळाशी. गाइड बाकीच्याला म्हणाला 'ताउबेस गेश्टाइन'. ताउब म्हणजे बहिरा, हे मी पहिल्या लेव्हलला शिकवते. मी ठोकून दिलं, "इथे बहिरा दगड वेगळा होतो."

सगळे गप्प. मग आमचे फिटर काका, "ताई, बाकीचे दगड ऐकतात होय?"

कान असे गरम झाले ना! मी शब्द शोधतेय तोवर काकाच बाकीच्यांना सांगतायत, "अरे ज्याच्यात काही नाही तो. रस निघाला, चिपाड राहिलं." एकदम बरोबर, जर्मनमध्ये पोकळ अक्रोडालाही ताउबच म्हणतात, ते मला नंतर आठवलं. पुढे काका बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दगड दळायच्या फिरत्या पिंपात, डोकावून आतली लायनर म्हणजे अस्तराची पाटी कशी झिजायची ते हातवारे करून विचारायला लागले, गाइडही हातानेच सांगायला लागला, माझ्याकडे कोणी बघेना. मी आपली पर्स सांभाळत उभी.

परत आल्यावर चेक घ्यायला भोसरीला गेले, तर रिजेक्ट कास्टिंगच्या ढिगाजवळ पाटीवर खडूने लिहिलेलं, 'बहिरे'.