ठाणे ते शिर्डी, कसारा घाटमार्गे: केबिनमधल्या सीटवरून

आमच्या सोसायटीची मे महिन्याची शिर्डी सहल यंदा भाड्याच्या बसने झाली. गाडी बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या नियमांतली), इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी झाकणाखाली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाल्यामुळे केबिनमधली सीट दरवेळी माझ्याच वाट्याला येते. शिर्डीचं दर्शन, तिथली गर्दी, राहायच्या खोल्या यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी इंजिनाबद्दल लिहितो. उन्हाळ्यात भरलेली बस घेऊन कसारा चढायचा आणि उतरायचा म्हणजे काय, हे बस ठरवणाऱ्यालाही थोडं माहीत असलेलं बरं.

बस आदल्या रात्रीच वागळे इस्टेटमध्ये आणून उभी करायला सांगितली होती. त्याचं कारण साधं आहे. रात्रभर एका जागी उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी वाकून बघितलं की ती काय गळते ते कळतं. काळा ठिपका ऑइलचा, हिरवट किंवा गुलाबी कूलंटचा, आणि डिझेल नाकालाच कळतं. आमच्या गाडीखाली जमीन कोरडी होती. मग ड्रायव्हरने डिपस्टिक काढली. ऑइल बघायचं ते गाडी सपाट जागेवर आणि इंजिन बंद होऊन निदान पाच-दहा मिनिटं झाल्यावर. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ‘थोडं जास्तच टाकू’ असं म्हणणारे लोक इंजिनाचं भलं करत नाहीत, जास्तीचं ऑइल फेसाळतं आणि सील फोडून बाहेर येतं.

फॅनबेल्ट त्याने इंजिन चालू असतानाच बोटाने दाबून बघायला घेतला, तेव्हा मात्र मी त्याला थांबवलं. आधी इंजिन बंद, चावी खिशात, मग बेल्टला हात. शर्टाची मोकळी बाही, गळ्यातला गमछा, हातातलं कडं, सगळं काढून ठेवायचं. कड्याचा दुसराही धोका आहे: बसला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात, आणि टर्मिनलवर धातू आडवा पडला तर हात भाजतो. बॅटरीची वायर काढायची वेळ आली तर आधी निगेटिव्ह काढावी, बसवताना ती शेवटी.

डिझेल लाइनबद्दल एक गोष्ट जुन्या मेकॅनिकांनाही सांगावी लागते. पूर्वी नोझलचा पाइप सैल करून हवा काढायचो. आताच्या कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलांना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ते) त्या पाइपात दीड हजार बारच्या वर दाब असतो. चालू इंजिनात तो नट सैल करायचा नाही आणि गळती हाताने चाचपायची नाही. दिसणारही नाही अशी बारीक धार कातडीतून आत शिरते. वर टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत डिझेल पसरलेलं असतं. असं झालं तर पट्टी बांधून घरी न जाता थेट हॉस्पिटल गाठायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी मात्र कुणालाही काढता येतं, आणि पावसाळ्यात ते रोज काढावं.

सेल्फ मारला, इंजिन लागलं. ऑइलचा दिवा विझेपर्यंत आणि ब्रेकच्या हवेच्या दाबाचे दोन्ही काटे सातच्या आसपास येईपर्यंत गाडी हलवायची नाही, रेसही करायची नाही. टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, चकती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि तिच्या बेअरिंगला आधार असतो तो फक्त ऑइलच्या थराचा. ऑइल वर पोचायच्या आत रेस केली की ती बेअरिंग कोरडी घासते. हवा भरल्यावर इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायला लावला. काटा मिनिटभर जागचा हलला नाही, तेव्हा निघालो. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात सोसायटीतली मंडळी जागांवरून भांडून घेतात, म्हणजे वेळ फुकट जात नाही.

माजिवड्यापासून साकेत, खारेगाव, माणकोली, रांजनोली हा पट्टा नेहमीसारखाच. पहाटे पाचच्या आत ठाणं सोडलंत तर सुटलात. नंतर निघालात तर वडपेपर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घासत जाते. बीएस-६ गाडीला असं घासणं मानवत नाही, कारण सायलेन्सरमधला डीपीएफ फिल्टर काजळीने भरत जातो. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी पळाली की ती काजळी आपोआप जळते. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला तर घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. पडघ्यापुढे रस्ता मोकळा मिळतो, तिथे गाडी चालती ठेवावी. ही काजळी जळत असताना एक्झॉस्ट प्रचंड तापतो. मे महिन्यात शहापूर-खर्डीच्या बाजूला कडेचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. लघवीला थांबायचं म्हणून त्या गवतावर बस घालू नका, डांबर किंवा उघडी माती बघा.

डीईएफची (धूर साफ करायला एक्झॉस्टमध्ये फवारतात त्या द्रवाची) टाकी ठाण्यातच भरून घ्या. निळ्या झाकणाची ती टाकी, आणि आत साडेबत्तीस टक्के युरियाचं पाणी. लोक त्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात आणि एखादा घरी युरिया कालवून ओतायलाही बघतो. भेसळीचं डीईएफ किंवा रिकामी टाकी असली की गाडीचा कंट्रोलर इंजिनाची ताकद स्वतःहून कमी करतो. सपाटीवर हे चालून जातं. भरलेल्या बसची ताकद घाटाच्या मधल्या वळणावर गेली आणि मागून कंटेनर येत असला, तर काय होईल ते सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. आसनगाव सोडल्यावर तापमानाचा काटा रोजच्या जागेवरून वर सरकू लागला. आटगावला आणखी थोडा. घाट अजून लागायचाच होता. ड्रायव्हर म्हणाला, “काका, ऊन आहे, भरलेली गाडी आहे, होतं असं.” मला पटलं नाही, कारण रस्ता सपाट होता. खर्डीच्या पुढे मोकळी जागा बघून गाडी घेतली आणि खाली उतरून समोर गेलो. आमच्या सांस्कृतिक समितीने ‘साई दर्शन सहल’ लिहिलेला, कार्यकारिणीच्या फोटोंचा मोठा फ्लेक्स बसच्या नाकावर बांधला होता. रेडिएटरची जाळी त्याच्याखाली पूर्ण झाकली गेली होती! रात्री बघितलं तेव्हा तो नव्हता, निघायच्या घाईत कुणीतरी दोऱ्या आवळून मोकळा झाला होता.

फ्लेक्स काढायला दोन मिनिटं लागली, समितीची समजूत घालायला जास्त. बांधायचाच असेल तर खिडक्यांच्या खाली बाजूच्या पत्र्यावर बांधा. मागच्या काचेवरही नको, बहुतेक बसमध्ये संकटाच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता तोच असतो.

एवढ्यात ड्रायव्हर फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला होता. हे तर अजिबात करू नका. ती यंत्रणा दाबाखाली असते, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि पाणी एकदम उकळून वाफेसकट तोंडावर येतं. गाडी तापली तर आधी एसी बंद करा, गिअर एक खाली घ्या म्हणजे इंजिन हलकं फिरेल आणि पाण्याचा पंपही जोरात चालेल, आणि सुरक्षित जागा बघून थांबा. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, आयडलवर, म्हणजे नुसतं हळू चालू द्या. बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणखी तापतं. याला अपवाद दोन: पाणी सगळं वाहून गेलं असेल, किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल. ऑइलचा दिवा लागला तर एक मिनिटही वाट बघायची नाही, गाडी कडेला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतायची पद्धत ढाब्यांवर अजून दिसते. त्याने हेडला तडा जातो.

काटा जागेवर आल्यावर लतीफवाडीवरून घाटाला लागलो. शेजारून जाणारी रेल्वे १८६५ साली इथून वर गेली, तिचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फुटांत एक फूट. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. बसला तशी सोय नाही. आमचा ड्रायव्हर चढणीवर चांगला होता, इंजिन दम टाकायच्या आधी गिअर पाडत होता आणि आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवत होता. इगतपुरीला चहासाठी थांबलो तेव्हा चावी काढण्याआधी दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलवर ठेवायला सांगितलं. चढण चढून टर्बो लालबुंद झालेला असतो. इंजिन एकदम बंद केलं की ऑइल थांबतं आणि बेअरिंगमध्ये जागेवरच जळून कोळसा होतं. मागची मंडळी “दार उघडा” म्हणून ओरडत असतात, ओरडू द्यावं.

इगतपुरीच्या चहाला ड्रायव्हरने विचारलं, “चावी फिरवूनही इंजिन बंद झालं नाही तर?” प्रश्न चांगला होता. टर्बोचं सील गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटतं, डिझेल तोडून काही उपयोग होत नाही. आवाज चढत जातो आणि मागे पांढरा-निळा धूर होतो. अशा वेळी माणसं उतरवायची, ब्रेक गच्च दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन कोंडायचं. किंवा हवेचं तोंड जाड फळीने दाबून बंद करायचं, हाताने कधीही नाही. दोन्ही जमत नसेल तर लांब व्हायचं, इंजिन गेलं तरी चालेल.

धुराचंही तिथेच बोलणं झालं. इंजिनाच्या झाकणावर पिशव्या, चादरी, तेलाचे डबे ठेवू देऊ नका. ऑइलने भिजलेलं फडकं झाकणाखाली राहता कामा नये. धूर दिसला तर गाडी थांबवून दार उघडा, माणसं खाली, मेन स्विच बंद, आणि झाकण पूर्ण उघडण्याऐवजी फटीतून पावडरचा सिलिंडर मारा. सताड उघडलं की आगीला हवा मिळते. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस दाराच्या बाजूवर उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. मागच्या आपत्कालीन दारासमोर बॅगा रचणाऱ्या प्रत्येक सहलीत मला ती बस आठवते. आम्ही त्या बॅगा इगतपुरीला हलवल्या.

शिर्डीला दर्शन झालं, मुक्काम झाला, जेवण बरं होतं.

परतताना घाट दिवसाउजेडी उतरायचा हे आधीच ठरवलं होतं. उतार सुरू होण्याआधी थांबून हवेचे काटे बघितले, मंडळींना बसून घ्यायला सांगितलं. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. तो नियम ज्या काळचा आहे त्या काळच्या इंजिनांत दम नव्हता, दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायची, म्हणून उतरतानाही दुसराच पडायचा. आताचं टर्बो इंजिन तोच चढ चौथ्यात चढतं. चौथ्यात उतरलात तर गाडी रोखली जात नाही आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. म्हणून आताच्या गाडीला चढलेल्या गिअरपेक्षा एक खालचा गिअर, आणि तोही उताराच्या आधी टाकायचा. उतारावर वेग चढल्यावर खालचा गिअर पडेलच याची खात्री नसते. पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते.

एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनालाच रोखायला लावणारा) चालू ठेवला. आमचा ड्रायव्हर सुरुवातीला पाय ब्रेकवर हलकासा टेकवून ठेवत होता. तसं केलं की ड्रम तापत राहतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक मऊ पडतो. ब्रेक नीट दाबून वेग आठ-दहाने उतरवायचा, पाय पूर्ण काढायचा, वेग पुन्हा चढला की परत दाबायचा. आरपीएमचा काटा लाल पट्ट्याकडे जाऊ द्यायचा नाही. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवत असतात, तिथे गव्हर्नरचं (डिझेल कमी करून इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेचं) काही चालत नाही.

न्यूट्रल मारून डिझेल वाचतं हा समज अजून गेलेला नाही. गिअरमध्ये उतरताना अॅक्सिलेटर सोडला की कॉमन रेल इंजिन डिझेल पूर्ण तोडतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडल चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे वाचतं काहीच नाही, आणि इंजिनाची रोख जाते ती वेगळीच.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ पासून खुला आहे, त्यामुळे आता कसारा टाळून थेट भिवंडीजवळ उतरता येतं. ज्यांचा ड्रायव्हर घाटाला नवा आहे त्यांनी तोच रस्ता घ्यावा असं मी म्हणेन. उतार मात्र तिथेही आहे, वळणं नसल्यामुळे वेग नकळत चढतो. गिअरचा नियम तिथेही तोच.

ठाण्यात पोचल्यावर मंडळी उतरली आणि ड्रायव्हरने हवेच्या टाक्यांखालच्या कड्या ओढून पाणी काढलं. हे रोज मुक्कामाला करायचं काम. पाण्याबरोबर थोडं दुधाळ ऑइल आलं. म्हणजे टाक्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय, आणि ते पुढे ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत जातं. मी त्याच्या वहीत आसनगावचं तापमान, मधे भरलेलं ऑइल आणि ही कॉम्प्रेसरची गोष्ट लिहायला लावली आणि मालकाला फोन करून सांगितलं, की कॉम्प्रेसर आणि एअर ड्रायर बघितल्याशिवाय ही गाडी पुढच्या घाटाच्या भाड्याला पाठवू नका.