जखम पुढून की मागून?

सातारच्या कोर्टात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली निम्मी साहेबांपुढच्या टेबलावर, बेंच क्लार्क म्हणून. गोळीबाराचं किंवा मारामारीचं प्रकरण आलं की मी आधी डॉक्टरांचं सर्टिफिकेट उघडायची. जखम पुढून की मागून? बाकीचं सगळं नंतर.

मुलाकडे जोहान्सबर्गला आले तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, सिंह बघायला जाऊ या?" मी म्हटलं, पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या ते शार्पव्हिल मला दाखव. "तिकडे कोण जातं फिरायला!" असं म्हणत का होईना, तिनं गाडी काढली. सत्तरेक किलोमीटर. व्हेरीनिगिंगच्या कडेला बसकी घरं, आणि ते पोलीस ठाणं.

21 मार्च 1960. गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या माणसाला सोळाव्या वर्षापासून पासबुक, म्हणजे सरकारी ओळखपुस्तिका, जवळ बाळगावं लागायचं. त्यात फोटो आणि दर महिन्याला मालकाची सही. लोक त्याला 'डोमपास' म्हणायचे, म्हणजे मूर्ख पास. रॉबर्ट सोबुक्वे यांच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसनं सांगितलं, पास घरी ठेवा, ठाण्यावर जा आणि म्हणा, करा अटक. हजारो लोक गेले. गर्दी पांगावी म्हणून डोक्यावरून लढाऊ विमानं फिरवली, तरी लोक हटेनात. लेफ्टनंट कर्नल पिनार यांनी शिपायांना रांगेत उभं करून बंदुकीत पाच-पाच गोळ्या भरायला लावल्या. झाडायचा हुकूम कुणीच दिला नाही म्हणे. तरी झाडल्या, स्टेनगननंसुद्धा. सरकारी आकड्याप्रमाणे 69 मेले. बहुतेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या.

'ड्रम' मासिकाचे हम्फ्री टायलर तिथं हजर होते. त्यांनी एका लहान मुलाबद्दल लिहिलंय. पळताना त्यानं अंगातला जुना घोंगडीचा कोट डोक्यामागे वर धरला होता, गोळ्या अडतील म्हणून असेल. आमच्याकडे पोरं वळवाच्या पावसात डोक्यावर दप्तर धरून पळतात, तसाच.

चौकशी झाली. न्यायमूर्ती वेसेल्स यांचा आयोग बसला, साक्षीपुरावे झाले. शिक्षा मात्र एकाही पोलिसाला नाही. पण मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. जखमींनी आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी भरपाईचे 224 दावे लावले होते. त्यावर सरकारनं 1961 मध्ये इंडेम्निटी अ‍ॅक्ट केला आणि तो लागू कधीपासून? 21 मार्च 1960 पासून. बरोबर त्याच तारखेपासून पोलीस आणि अधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण. मागच्या तारखेची पावती फाडली म्हणून आमच्याकडे एका नाझराची, म्हणजे कोर्टातला पैसा सांभाळणाऱ्याची, नोकरी गेली होती. इथं अख्खा कायदाच मागच्या तारखेचा!

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. जालियनवाला बागेनंतर हंटर समितीपुढे मुंबईच्या चिमणलाल सेटलवाडांनी डायरला विचारलं होतं, चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवली असती का? बहुधा हो, असं त्यानं सरळ सांगितलं. आणि अधिकाऱ्यांना वाचवणारा इंडेम्निटी अ‍ॅक्ट समिती नेमायच्या आधीच, सप्टेंबर 1919 मध्ये, मंजूर झाला होता. नावसुद्धा तेच. साहेबाचं कपाट एकच असावं.

1996 मध्ये मंडेलांनी नव्या राज्यघटनेवर सही करायला मुद्दाम शार्पव्हिल निवडलं. चांगलं केलं. सूनबाईला ते फार आवडलं, तिनं फोटो काढले.

त्या दिवशी मेलेल्यांच्या थडग्यांच्या ओळी फेलिंडाबा दफनभूमीत आहेत. सवयीनं मी मोजायला लागले. मुलगा म्हणाला, आई, ऊन लागेल.

परतताना डोक्यात ते 224 दावेच होते. आमच्या रजिस्टरला दावा निकाली निघाला की 'कसा निकाली निघाला' असा एक रकाना असायचा. तडजोड, मंजूर, नामंजूर, काढून घेतला. या दाव्यांपुढे काय लिहायचं, ते व्हेरीनिगिंग मागे पडेपर्यंत मला सुचलं नाही.